तिन्हीसांजेची घोडी

आमचं घराणं घोड्यांचं. हे वाक्य मला बोलता येण्याआधीपासून ऐकवलं गेलं, आणि नंतरही जेवताना, झोपताना, गणितात नापास झाल्यावर ऐकवलं जातच राहिलं. आमचे पूर्वज म्हणे कुठल्याशा सरदाराबरोबर घोड्यावर बसून या कानडी मुलखात आले. खरंही असेल. एवढं मात्र नक्की, की इथं येऊन एकदा जे उतरले ते पुन्हा काही चढले नाहीत. मी बघितलं तेव्हा आमच्या घरातले पुरुष फक्त खुर्चीवर बसत, तीही सरकारी. अण्णा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, जमिनीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते जन्मात एकदाच घोड्यावर बसले, स्वतःच्या लग्नात, आणि तेव्हाही दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं होतं. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अण्णा आमच्यातच राहायचे. आमच्यात म्हणजे आमच्या डोक्यावर. माझे वडील, अप्पा, बँकेत होते. अण्णा काहीही बोलले की अप्पा मान डोलवायचे, कारण वाद घालण्यापेक्षा मान डोलवायला कष्ट कमी पडतात. या दोघांच्या खालोखाल आई, आईच्या खाली मी, आणि आम्हा सगळ्यांच्या वर हरणी.

हरणी आमची घोडी. बदामी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, डोळे असे की आपण काही बोललो तर तिला पटतंय असं वाटावं. घर बनशंकरीच्या पलीकडे होतं. तेव्हा तिथं गाव संपायचं आणि घराच्या मागं तळं लागायचं. (आता तिथं उंच इमारती आहेत आणि त्यांच्या नावात तळं आहे. पाणी टँकरनं येतं.) तळ्याच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती, तिला अण्णा पागा म्हणायचे. एका घोडीची पागा. मोतद्दार ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून कामं वाटून घेतली होती: शेण काढणं आईकडे, खरारा करणं माझ्याकडे, आणि घराण्याचा अभिमान अण्णांकडे. सकाळी मोठ्या पातेल्यात कुळीथ शिजायचे. आम्ही त्यांना हुरळीच म्हणत असू. दाणे हरणीच्या तोबऱ्यात जायचे आणि वरच्या पाण्याला आई लसूण-मिरीची फोडणी देऊन सार करायची, ते आमच्या पानात यायचं. रविवारी खिम्याचे उंडे व्हायचे, त्या दिवशी अण्णांचा आवाज आणखी चढायचा. बाकी दिवस आम्ही घोडीचं उष्टं पाणी पिऊनच मोठे झालो म्हणा ना, आणि चांगले धडधाकट झालो.

तर घराण्याची रीत. तिन्हीसांजेला हरणीला पाठीवर जीन घालून, लगाम चढवून फाटकापाशी उभं करायचं. पायाशी पणती. शेजारी खुर्ची टाकून अण्णा बसायचे, डोक्याला पागोटं, खाली धोतर. का, तर पूर्वी स्वाराचं घोडं दिवेलागणीला दारात तयार उभं असायचं. धन्याचं बोलावणं कधी येईल सांगता यायचं नाही. साडेतीनशे वर्षांत बोलावणं आलं नव्हतं, पण समजा आलंच, आणि नेमकी घोडी आत असली, तर घराण्याचं तोंड काळं व्हायचं. आलं असतं तर जाणार कोण होतं हे मी एकदा विचारलं. त्या रात्री मला लवकर झोपायला लावलं.

या रिकाम्या रुबाबाला एक खरा दिवसही होता, ते नाकारून चालणार नाही. दसऱ्याला आपल्या लोकांच्या अंबाबाईच्या देवळातून पालखी निघायची, तिच्यापुढं हरणी चालायची. आयाळीत झेंडूची फुलं गुंफलेली, शेपूट विंचरून सोडलेली, लगाम माझ्या हातात. बायका तिच्या पायावर पाणी घालायच्या. त्या एका सकाळी आमचं घराणं खरोखरच घोड्यांचं असायचं.

मी पंधरा वर्षांची होते त्या पावसाळ्यात हरणीला खाज सुटली. पहिल्यांदा आवाज आला. फाटकाच्या खांबाला अंग घासायची, खर्र, खर्र, कुणी पोळपाट फरशीवर ओढावा तसा. मग पागेच्या दाराला, मग भिंतीला, मग माझ्या पाठीला. बघता बघता आयाळ गेली, शेपटीच्या बुडाशी केरसुणीचे चार हीर उरावेत तसे केस उरले, आणि मानेवर, पोटाखाली कातडं लाल होऊन पाणी यायला लागलं. खरारा हातात घेतला की ती मान लांब करून वरचा ओठ हलवायची, घास अजून, घास अजून. मी घासायचे आणि रक्त यायचं. मग मी थांबायचे, आणि ती माझ्याकडे बघायची. ते बघणं मला आजही नको वाटतं.

आता माझी नात मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमधून शनिवारी शहराबाहेर घोडेस्वारी शिकायला जाते, कारण आयटीवाल्यांच्या मुलांना पोहणं आणि पियानो पुरत नाही. मागच्या महिन्यात मी सोबत गेले होते. तिथल्या एका घोड्याला अंगभर झूल घातलेली, तीही झेब्र्यासारखी पट्ट्यापट्ट्यांची. विचारलं तर मास्तर म्हणाला, "आँटी, स्वीट इच आहे त्याला. मिज चावतात ना, बारीक किडे, त्यांची ॲलर्जी." गोड खाज. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला स्वतःला ती कधी सुटलेली नसणार. पण झूल बघून मला हरणी आठवली, आणि घरी येऊन मी हे लिहायला बसले.

आमच्याकडे तेव्हा गोड, कडू काही नाव नव्हतं, पण कारणं भरपूर होती. शेजारच्या अक्कांनी सांगितलं, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या. देवळातल्या गुरवानं सांगितलं, नागाची सावली पडली. तळ्याकाठी दूध ठेवलं, ते मांजरानं पिऊन टाकलं, मांजर चांगलं गुबगुबीत झालं. अण्णांनी स्वतः सांगितलं, उष्णता. घोड्यांच्या घराण्याचा हा खास शोध, कारण आमच्याकडे अण्णांच्या मूळव्याधीपासून माझ्या गणितापर्यंत सगळं उष्णतेनंच व्हायचं. मग एरंडेल चोळलं, हळद चोळली, ताक चोळलं. घोडीला कढीसारखा वास यायला लागला. आईनं करंजाचं तेल लावलं तेव्हा दोन दिवस खाज खरंच कमी झाली, पण त्याचा वास अण्णांना सहन होईना, म्हणून ते बंद झालं. घोडीपेक्षा अण्णांचं नाक नाजूक. आणि गंमत अशी की संध्याकाळी तिच्या शेजारी बसून अण्णाही पोटऱ्या खाजवायचे. दोघं जोडीनं. ती खांबाला, ते खुर्चीच्या पायाला.

शेवटी अप्पांच्या बँकेतल्या कुणाच्या तरी ओळखीनं जनावरांचे डॉक्टर आले. कानडी गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी घोडी बघितली, तळं बघितलं, पागेमागचा शेणाचा ओला ढीग बघितला, आणि फाटकापाशी घोडी जीन घालून उभी करायची ती जागा जरा जास्तच वेळ बघितली. मग म्हणाले, "चिलटं. डासाहून बारीक. ओल्यात वाढतात, उजाडताना आणि दिवस मावळताना उठतात. चावतात सगळ्यांना, पण हिच्या अंगाला ते सोसत नाही."

अण्णा म्हणाले, "चिलटं? एवढीशी? हे युद्धावरचं जनावर आहे, डॉक्टर."

"सरी," डॉक्टर म्हणाले, म्हणजे बरं बरं. "पण चिलटांना ते माहीत नाही." मग त्यांनी मलमाचा डबा दिला आणि आईकडे बघून सांगितलं, कारण ऐकणारं माणूस कुठलं हे त्यांना कळलं असावं. ऊन उतरायच्या आधी घोडी आत. सूर्य चांगला वर आल्याशिवाय बाहेर नाही. आत पंखा लावा, वाऱ्यात चिलटाला उडता येत नाही. अंगावर झूल घाला. शेणाचा ढीग लांब न्या. तेल लावत राहा. हे कायमचं जाणार नाही, दर पावसाळ्यात येणार, तेव्हा पुढल्या वर्षी खाज सुटायच्या आधीच सुरू करा. "तिन्हीसांजेला बाहेर मात्र नको," जाताना पुन्हा म्हणाले.

आमच्या घरानं डॉक्टरांचं सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. पंखा आला. तो अण्णांच्या खोलीत लागला, घोडीला एवढा वारा बाधेल म्हणून. शेणाचा ढीग आईनं पाट्या भरभरून हलवला, अप्पांनी त्या कामाला मान डोलवली. झुलीसाठी आईनं जुनी मच्छरदाणी फाडून शिवली. तिची जाळी डासापुरती होती, चिलटं आरामात आत शिरली आणि बाहेर यायची वाट न सापडल्यानं आतच जेवायला बसली. मग आईनं स्वतःची व्हॉइलची साडी काढली, पिवळी, बारीक फुलांची. माहेरची होती. ती तिनं कात्रीनं कापली तेव्हा मी म्हटलं, "अम्मा, राहू दे." ती म्हणाली, "मला काय, चिलटं चावत नाहीत." त्या साडीतून काही आत शिरेना. हरणी लग्न ठरलेल्या मुलीसारखी दिसायला लागली. पण रोज दिवेलागणीला अण्णा साडी उतरवायला लावायचे. युद्धावरच्या जनावरानं फुलाफुलाची साडी नेसून बोलावण्याची वाट बघायची, हे शोभलं नसतं. दिवसभरात जे भरून यायचं ते त्या तासाभरात पुन्हा फाटायचं. मी एकदा डॉक्टरांचं नाव काढलं. अण्णा म्हणाले, "पुस्तकं वाचून घोडं कळत नाही, रक्तात असावं लागतं." रक्त तर चिलटं पीत होती, पण इथंच घोडं पेंड खात होतं, आणि रिवाज म्हटला की अण्णांपुढं कुणाचं काही चालत नव्हतं.

दसरा जवळ आला. देवळाच्या कमिटीचे दोघं आले, कॉफी प्याले, चिवडा खाल्ला, दुसऱ्यांदा मागून खाल्ला, आणि मग मागं जाऊन हरणीला बघून आले. परत आले ते खाली बघत. एकानं खाकरून सांगितलं की यंदा लग्नाच्या बँडवाल्याकडचा पांढरा घोडा ठरवलाय, अण्णांनी गैरसमज करून घेऊ नये, देवीपुढं असं जनावर बरं दिसत नाही. अण्णांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. रात्री हात धुताना म्हणाले, "जटकेवाल्या बाशाला निरोप पाठवलाय. उद्या बघून घेऊन जाईल. ज्या घराची घोडी देवीला चालत नाही, त्या घरात घोडी कशाला?"

जटका म्हणजे आमच्याकडचा टांगा, आणि जटक्याची घोडी म्हणजे काय हे त्या वेळच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. बाजारातून पोती, सळया, माणसं, जे मिळेल ते ओढायचं, आणि जिथं गाडी थांबेल तिथं, गटाराकाठी, उकिरड्याशी, उघड्यावर उभं राहायचं. बाशा वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याकडं ना पत्रा होता ना पंखा ना व्हॉइलची साडी. हरणी पुढचा पावसाळा काढणार नाही हे मला कळत होतं. त्या रात्री मी जेवले नाही. अण्णांना ते कळलंसुद्धा नाही, आणि अप्पांनी माझ्या न जेवण्यालाही मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी बाशा आला तो नेमका दिवस मावळताना. फाटकापाशी उभा राहून म्हणाला, "साब, उजेड है तो दिखा देव." अण्णा खुर्चीत होते, पागोटं बांधून. मला म्हणाले, "साडी काढ आणि आण तिला."

मी पागेच्या दारात दावं धरून उभी होते. म्हटलं, "नाही आणणार."

आमच्या घरात अण्णांना नाही म्हटलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. बहुधा त्यांनीही नाही, कारण ते चिडलेसुद्धा नाहीत, नुसते बघत राहिले. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन स्वतः उठले आणि माझ्याकडे यायला निघाले. अप्पा पायरीवर उभे होते, आणि त्यांना कुठल्या बाजूनं मान डोलवावी ते समजत नव्हतं.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. डोक्यावर पदर, हाताला राळ्याचं पीठ. दिरांशी ती समोरासमोर फारसं बोलायची नाही. उंबऱ्याच्या आतच थांबून, खाली बघत म्हणाली, "भाऊजी, एक सांगू का? मामंजी सांगायचे, पावसाळ्याच्या या दिवसांत दिवेलागणीला घोडं बाहेर काढायचं नाही म्हणून. पूर्वीपासून तशी रीत होती, म्हणायचे. मधल्या काळात कुणीतरी विसरलं असेल."

मामंजी म्हणजे माझे आजोबा, अण्णा-अप्पांचे वडील. आणि आई या घरात आली तेव्हा मामंजींच्या फोटोला हार पडून बरीच वर्षं झाली होती. तिनं त्यांचा आवाज ऐकलेला नव्हता. हे मला माहीत होतं. अप्पांना माहीत होतं. सगळ्यात जास्त अण्णांना माहीत होतं, कारण वडील नाहीत म्हणून घरातले मोठे या नात्यानं आईला बघायला गेले होते ते अण्णाच.

अण्णा अंगणाच्या मधोमध थांबले. पाठीमागं हरणी दाराला मान घासत होती, खर्र, खर्र. मला वाटलं, आता संपलं. आता हा माणूस सगळ्यांदेखत आईला खोटारडी म्हणणार, आणि आई पुन्हा कधी उंबऱ्यापर्यंतही येणार नाही. अण्णांनी आईकडे बघितलं. मग पागेकडे, त्या पिवळ्या साडीकडे. मग वाकून एक पोटरी खाजवली. बाशा म्हणाला, "क्या साब?"

अण्णा त्याच्याकडे वळले. "ऐकलंस ना? आमच्या वडिलांचा शब्द आहे. या दिवसांत दिवेलागणीला घोडी बाहेर येत नाही."

"तो सुबे आतूं," बाशा म्हणाला.

"सकाळी तर मुळीच नाही. उजाडताना चिलटं असतात."

"फिर देखना कब?"

"बघायची कशाला?" अण्णा म्हणाले. "विकतंय कोण?"

बाशा माझ्याकडे आणि हरणीकडे आळीपाळीनं बघून, घोडेवाल्या मराठ्यांच्या डोक्याबद्दल दख्खनीत काहीतरी पुटपुटत निघून गेला. आई आत जाऊन राळ्याच्या भाकऱ्या थापायला लागली. मी पागेत जाऊन हरणीच्या मानेला, जिथं कातडं धड होतं तिथं, तोंड लावून रडले. तिला करंजाच्या तेलाचा वास येत होता. आईनं चोरून लावलं असणार.

त्यानंतर अण्णांनी जे केलं ते फक्त अण्णाच करू जाणे. दोन दिवसांत ती रीत त्यांची झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायला लागले, की जातिवंत घोडेवाले दिवेलागणीला जनावर कधी बाहेर ठेवत नाहीत, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, हल्लीच्या लोकांना काय कळतंय. डॉक्टर मलम द्यायला पुन्हा आले, तर त्यांनाही सांगितलं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी. तुमचे पूर्वज हुशार होते." पंखा अण्णांच्या खोलीतून पागेत गेला. झूल किती वाजता घालायची यावरून ते मला रागवायला लागले. मी, जिला त्यांचं प्रत्येक वाक्य खोडायची हौस होती, ती म्हणायचे, "हो अण्णा." जीभ चावून म्हणायचे. हरणीसाठी मी आणखी कितीही पूर्वज गिळले असते.

दसऱ्याला पालखीपुढं पांढरा घोडा चालला. अण्णा पागोटं बांधून पालखीमागं पायी चालले, आणि लोकांनी विचारलं की सांगायचे, तिला विश्रांती दिलीय. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली, हे लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी नुसती फटकळच होते. घरी मात्र आम्हांला त्याहून मोठं काहीतरी मिळालं. मी खरारा करत होते आणि मानेच्या वरच्या कडेला हाताला काहीतरी टोचलं. बारीक, ताठ, दाढीच्या खुंटांसारखं. आयाळ येत होती. पुढल्या पावसाळ्यात आम्ही खाज सुटायच्या आधीच सगळं सुरू केलं. थोडी खाज आलीच, ती दर वर्षी यायची, पण रक्त आलं नाही, आणि त्या दसऱ्याला लगाम पुन्हा माझ्या हातात होता. हरणी म्हातारी होऊन त्याच पागेत गेली.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या वर्षीचंच. पालखीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. नाचणीचे गोळे आणि हुरळीचं सार. अण्णा पानातून मान वर न करता आईला म्हणाले, "शारदा, बाबा आणखी काय काय सांगायचे गं?" त्यांच्या आवाजात टोमणा आहे का ते मी कान देऊन शोधलं. टोमण्याच्या बाबतीत मला फसवणं सोपं नाही. नव्हता.

आई सार वाढत होती. "आठवेल तसं सांगेन, भाऊजी," म्हणाली.

तिला आठवायला दीड वर्ष लागलं. माझी अकरावी संपत आली होती, आणि तुमकूरच्या कुणा आडत्याच्या मुलाचं स्थळ आलं होतं. अण्णांना ते पसंत होतं. माणसं चांगली आहेत म्हणाले, मुलीला शिकवून काय करायचंय म्हणाले, अप्पांची मान डोलायला लागली होती. आईनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "मामंजी सांगायचे," ती म्हणाली, "मुलगी बी.ए. झाल्याशिवाय उजवायची नाही म्हणून."

अप्पांची मान मध्येच थांबली. अण्णांनी भात सारात कालवला, पुन्हा कालवला, होता त्याहून पातळ होईतो कालवला.

"सांगायचे," ते म्हणाले.